चंद्रकांता पुन्हा वाचतेय, आणि खरी नायिका मला चपलाच वाटतेय

अबोली (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली म्हणून गेल्या रविवारी वाळपईच्या घरी माळा झाडायला घेतला आणि जुन्या ट्रंकेत आईची हिंदी पुस्तकं सापडली, तिने लग्नाआधी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या तेव्हाची. त्यात देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’. कव्हर गेलंय, शेवटची पंधरावीस पानं वाळवीने खाल्लीयेत, पण बाकी शाबूत आहे, आणि समासात आईने पेन्सिलीने एकेका अवघड शब्दाचा मराठी अर्थ लिहून ठेवलाय. माळा राहिला तसाच, मी जिन्याच्या पायरीवर बसून सत्तर पानं वाचून काढली.

आमच्या पिढीला चंद्रकांता म्हटलं की टीव्हीच आठवतो. पुस्तक मी कॉलेजात असताना एकदा भराभर वाचलं होतं, पुढे काय होतं एवढ्यासाठीच. आता चाळिशी ओलांडल्यावर वाचताना भलतंच काहीतरी दिसायला लागलंय म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुस्तक १८८८ सालचं. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं प्रेम, विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह आडवा येतो, मग तो चुनारच्या राजा शिवदत्ताला जाऊन मिळतो आणि तिथून पुढे पळवापळवी, वेषांतरं, भुयारं, तिलिस्म (गुपितांनी भरलेली मायावी वास्तू). आणि या सगळ्याचा गाडा ओढतात ते ऐयार. ऐयार म्हणजे राजाच्या पदरी नोकरीला असलेला माणूस, ज्याला रूप बदलता येतं, औषधं कळतात, गाता येतं, धावता येतं, हेरगिरी येते. कमरेला बटवा, त्यात बेशुद्धीची पूड, भिंतीवर चढायचा कमंद, रंग, आरसा. वीरेंद्रचा ऐयार तेजसिंह. आणि चंद्रकांतेकडे कोण, तर चपला.

तर ही चपला. नाव पुस्तकावर चंद्रकांतेचं आहे पण पहिल्या भागात चंद्रकांता बहुतेक वेळ विरहात आहे, रडतेय, पत्राची वाट बघतेय. कामं सगळी चपला करते. तेजसिंह शत्रूच्या हाती सापडतो तेव्हा त्याला सोडवायला चुनारला एकटी निघते ती चपलाच. आणि तिथे खत्री थांबतात आणि तिची ओळख करून देतात, तो परिच्छेद मी चारदा वाचला. ही काही साधीसुधी बाई नव्हे म्हणतात, दोनचार पुरुषांशी लढणं किंवा त्यांना धरून बांधणं तिला किरकोळ काम, शस्त्रं येतात, गाण्याबजावण्यात उस्ताद, आणि तिला शौक कसला तर शोभेची दारू बनवायचा! १८८८ सालच्या कादंबरीतली बाई, आणि तिला आवड दारूकामाची. मग पुढे लिहितात की बाहेर पडायची वेळ आली की ती आपलं रूप मुद्दाम बिघडवून घेत असे नाहीतर वेष बदलत असे.

या एका वाक्यावर मी अडकलेय. आपल्याकडे जुन्या गोष्टीतल्या बाईचं रूप म्हणजे तिची सगळी पुंजी, आणि ही ते पुसून टाकते कारण ते कामात आडवं येतं. आणि कोणालाच त्याचं काही नवल वाटत नाही. तेजसिंह तिला बरोबरीची ऐयार समजतो, महालातल्या बायका समजतात, खुद्द लेखक समजतो. तिच्या कामाबद्दल कोणी तिला शाबासकी देत बसत नाही आणि टोमणेही मारत नाही, तिचा तो हुन्नर आहे आणि ती तो करते.

तुमचं काय मत आहे? आणि अजून एक, आईने ‘लखलखा’ शब्दापुढे फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. माणूस बेशुद्ध पडला की त्याला लखलखा हुंगवतात एवढं वाचून कळतं, पण नक्की असतं काय ते?

सोलकढी

अबोलीताई काय आठवण काढलीस! १९९४ ला सिरियल सुरू झाली तेव्हा आमच्या वाड्यावर दोनच टीव्ही होते, रविवारी सकाळी अख्खा वाडा त्या दोन घरांत. पावसात अँटेना हलला की आमचा दादा छपरावर आणि खाली आम्ही ओरडतोय आता दिसतंय आता गेलं. क्रूरसिंहाचं ते ‘यक्कू’ आम्ही शाळेत सोमवारपासून शनिवारपर्यंत करायचो. आणि आपल्या गोव्याच्या वर्षा उसगावकर रूपमती म्हणून आल्या तेव्हा तर आमच्या आजीला वाटलं घरचंच कोणी टीव्हीवर आलंय, ती देवासमोर नमस्कार करून मगच बघायला बसायची.

पण खरं सांगू, मला चपला अजिबात आठवत नाही. कपडे आठवतात, दागिने आठवतात, इरफान खान बद्रीनाथ होता ते आठवतं. तू लिहिलंयस तसलं तर काहीच डोळ्यासमोर येत नाही. सिरियल पुस्तकापासून खूपच लांब गेली होती का?

अबोली

खूप लांब. नावं तीच, पण गोष्टीला नवीन फांद्या फुटत गेल्या. पुस्तकात मुळात दागिन्यांना जागाच नाही. एकेक बयान (प्रकरणाला बयान म्हणतात) दोनतीन पानांचं, आणि त्यात माणसं सतत पळतायत, कोणाला तरी गाठोड्यात बांधून पाठीवर टाकतायत, ओढ्याकाठी बसून चेहरा धुतायत.

रानपाखरू

वाचलं. आवडलं पण पटलं नाही पूर्ण. चपला हुशार आहे, शूर आहे, सगळं मान्य. पण ती शेवटी राजकन्येची सखीच ना? तिची सगळी हुशारी कशासाठी, तर दुसऱ्या बाईचं लग्न जमावं म्हणून. आणि स्वतःचं काय, तर तेजसिंहाशी लग्न. पुढे ‘चंद्रकांता संतती’त, म्हणजे याच गोष्टीच्या पुढच्या कादंबरीत, ती आपल्याला भैरोसिंहाची आई म्हणूनच जास्त लक्षात राहते. मग वेगळी नायिका म्हणायची कशी?

आणि रूप बिघडवण्याबद्दल. मी नर्स आहे, रात्रपाळीला स्कूटरवरून जाते तेव्हा तोंडाला ओढणी गुंडाळते, डोळे तेवढे उघडे. धूळ लागू नये म्हणून म्हणते मी सगळ्यांना, पण खरं कारण मला माहितीये. सिग्नलला कोणी बघू नये म्हणून. बाईला बाहेर पडताना स्वतःला लपवावं लागतं यात मला काही स्वातंत्र्य दिसत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

पेडण्याचो

रानपाखरू, तुमचं म्हणणं काळजाला लागलं, पण मला यात एक वेगळी गोष्ट दिसते ती सांगतो.

माझे काका दशावतारात स्त्रीपार्टी करायचे, तीसेक वर्षं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जत्रांना जायचो. देवळाच्या बाजूला कुठेतरी पडवीत पेटारा उघडायचा, काका जमिनीवर मांडी घालून बसायचे, डाव्या हातात आरसा, उजव्या हाताने स्वतःच रंग लावायचे. दशावतारात रंगवायला दुसरा माणूस नसतो, ज्याचं त्याने करायचं. आधी दाढी अगदी गुळगुळीत, मग सफेदा, मग गालांवर लाली, मग भुवया. भुवया काढताना ते श्वास रोखून धरायचे आणि मी पण त्यांच्याबरोबर रोखायचो. उजवी भुवई झाली की एकदा आरसा लांब धरून बघायचे, आणि त्या क्षणी ते काका राहायचे नाहीत. चालणं बदलायचं, पदर सावरणं बदलायचं, मला ‘बाळा’ म्हणून हाक मारायचे तो आवाजही दुसरा. पालखी झाल्यावर रात्री उशिरा नाटक उभं राहायचं ते उजाडेपर्यंत, आणि लिहिलेलं नाटक नाही, सगळं आयत्या वेळी बोलायचं.

अबोलीताईंनी ऐयाराच्या बटव्यातला आरसा लिहिला आणि मला तो पेटाराच दिसला. काका रूप चढवायचे, चपला उतरवते, पण हुन्नर एकच. आपला चेहरा हा आपल्या हातातली वस्तू आहे हे ज्याला कळलं तोच हे करू शकतो. काकांना बायकी म्हणून गावात कोणी हसलं नाही, उलट त्यांच्यासारखी तारामती पंचक्रोशीत नाही म्हणून मान. कला म्हणून बघितलं की मग बाई पुरुष हा प्रश्न मागे पडतो, तसं चपलेचं झालंय असं मला वाटतं.

सोलकढी

पेडण्याचो दादा, भुवयांचं वाचून अंगावर काटा आला. यावर वेगळा धागा काढा ना प्लीज.

अबोली

+१, खरंच काढा.

रानपाखरू, तुझ्या प्रतिसादावर दिवसभर विचार केला. ओढणीचं तू लिहिलंस ते अगदी खरं आहे, मी पण कदंबाच्या शेवटच्या बसने यायची तेव्हा बॅग पोटाशी धरून बसायची. पण मी संध्याकाळी परत ते पान काढून बघितलं. तिथे चपलेला भीती वाटते असं कुठेच नाही. तेजसिंह जेव्हा वेष बदलतो तेव्हा पण तेच करतो, कधी म्हातारा होतो, कधी कोणाची तरी दासी, म्हणजे रूप लपवणं हे तिथे बाईचं ओझं नाहीये, ते ऐयाराचं काम आहे, बाप्यालाही तेच बाईलाही तेच. तू ओढणी गुंडाळतेस ती सिग्नलवरच्या लोकांमुळे. चपला रंग लावते तो तिला किल्ल्यात शिरायचं असतं म्हणून. मला हा फरक मोठा वाटतो, आणि आपल्याला तो अजून मिळालेला नाही हे तुझं दुःखही मला कळतं.

सखी असण्याबद्दल. हो, ती दुसऱ्यासाठी राबते. पण तेजसिंह तरी कोणासाठी राबतो? वीरेंद्रसाठीच. त्यांचा दुसरा ऐयार देवीसिंह? तोही वीरेंद्रसाठीच. ऐयार हा नोकर माणूस, मालकाशी इमान हाच त्याचा धर्म. त्या नोकरीत बाईला वेगळा नियम नाही, एवढंच मला म्हणायचंय.

लग्नानंतर मागे पडते ते मात्र मला पण खटकतं. त्याचं समर्थन मी करणार नाही.

जुनी पानं

उशिरा आलो धाग्यावर. मी निवृत्त माणूस, पणजीत असतो, वाचन हाच उद्योग. काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिलं, स्त्री ऐयार ही खत्रींची एकट्याची कल्पना नव्हे. ऐयार आणि तिलिस्म दोन्ही आले फारसी-उर्दू दास्तानांतून, म्हणजे लांबलचक अद्भुत कथांतून. अमीर हमजाच्या दास्तानात अमर अय्यार आहे, त्याच्याकडे झंबील नावाची पिशवी, तिच्यात वाटेल ते मावतं. लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ छापायला घेतली, तिच्यात सरसर नावाची स्त्री अय्यार आहे, तलवारबाज, आणि ती तर थेट बादशहा अफरासियाबच्या पदरी नोकरीला. म्हणजे चपलेच्या आधी सरसर आहे.

मग खत्रींनी नवीन काय केलं? त्यांनी जादू काढून टाकली. होशरुबात जादूगार डोंगर उडवतात. चंद्रकांतेतलं तिलिस्म म्हणजे कोणा जुन्या राजाने कारागिरांकडून बांधून घेतलेली यंत्रं, कळी, खटके. ती खोह (गुहा) आठवते का, दारावर सिंहाचं तोंड, आत हात घालून जीभ ओढली की दार उघडतं? मंत्र नाही, यंत्र आहे. त्यामुळे चपलेची हुशारी ही माणसाची हुशारी राहते, वरदान किंवा विद्या नव्हे. सरसरच्या भोवती सगळं जगच जादूचं, चपलेच्या भोवती मिर्झापूरकडचं खरं जंगल आहे.

जंगलाचंही सांगतो. खत्री काशीला राहत आणि चकिया-नौगढकडच्या जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. त्या निमित्ताने डोंगर, दऱ्या, पडके किल्ले त्यांनी पायाखाली घातले. चुनारचा किल्ला गंगेकाठी आजही उभा आहे, विजयगढचा किल्लाही आहे. पुढे त्यांनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. संततीचे चोवीस भाग झाले, त्याच्याही पुढची कादंबरी ‘भूतनाथ’ अर्धवट राहिली, ती १९१३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी पुरी केली. ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून उर्दू वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी नागरी लिपी शिकून घेतली असं हिंदीच्या इतिहासात नेहमी सांगतात.

रानपाखरू, संततीत चपला मागे पडते हे बरोबर, पण तिची जागा रिकामी राहत नाही. तिथे कमलिनी येते. तिच्याकडे तिलिस्मी खंजीर आहे, मूठ दाबली की लखकन उजेड पडतो आणि त्याचा स्पर्श झाला की माणूस बेशुद्ध. जोडीची अंगठी बोटात असेल तरच तो हातात धरता येतो. कमलिनी कोणाची सखी नाही, स्वतःच्या बेताने चालते, आणि राजपुत्रांना कैदेतून सोडवते. आणि समोर खलनायिका मायारानी, तीही तेवढीच ताकदीची. एकदा वाचून बघा.

अबोली, लखलखा म्हणजे अंबर, कापूर, अगरू असल्या उग्र सुगंधी द्रव्यांचं मिश्रण. हकीम लोक मेंदूला तरतरी यावी म्हणून हुंगायला देत. ऐयार तेच बाळगतात, बेशुद्ध माणूस शुद्धीवर आणायला.

रानपाखरू

काका, मनापासून धन्यवाद. कमलिनी माहीतच नव्हती, मी संतती दुसऱ्या भागातच सोडली होती. परत घेते.

अबोली, तू म्हणतेस तो फरक पटला मला. पूर्ण नाही पण पटला. बाप्यालाही तोच नियम हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मांडवीकाठ

धागा छान चाललाय, त्यात कडू घालतोय असं वाटेल पण बोलल्याशिवाय राहवत नाही. क्रूरसिंहाचे दोन ऐयार नाजिम आणि अहमद, दोघे मुसलमान, दोघे दुष्ट, आणि पहिल्या भागात त्यांच्याबद्दलची भाषा वाचताना मला त्रास झाला. माझ्या शेजारी, माझ्या दुकानात, माझ्या पंगतीला मुसलमान मित्र आहेत. माझ्या मुलीला मी हे पुस्तक वाचून दाखवत होतो, तिथे येऊन मी दोन वाक्यं गाळली आणि मग मलाच बरं वाटेना.

जुनी पानं

तुम्हाला त्रास झाला तो रास्त आहे. ते त्या काळाचं किल्मिष आहे पुस्तकात आणि ते झाकू नये. मला तर त्याचं जास्त वाईट वाटतं कारण ऐयार हा शब्द, ही कल्पना, लखलखा कमंद तिलिस्म हे सगळे शब्द त्याच परंपरेतून खत्रींकडे आलेत. मुलीला गाळून वाचू नका, वाचा आणि हेही सांगा की ऐयार आले कुठून. तिला सरसरची गोष्ट सांगा.

मांडवीकाठ

सांगतो. नऊ वर्षांची आहे, तिला आवडेल.

तिचं अजून एक सांगायचं राहिलं. पुस्तकात एक नियम आहे ना, ऐयार पकडला गेला तरी त्याला मारत नाहीत, कैदेत ठेवतात. आणि खत्री सुरुवातीलाच सांगतात की दोन राजांची लढाई जुंपली की ऐयार चलाखीने ती मिटवायचे, फौजेचं रक्त न सांडता. ती म्हणाली बाबा मग आता ऐयार का ठेवत नाहीत? मला उत्तर देता आलं नाही.

पेडण्याचो

काय बोलली पोर. तिला माझा आशीर्वाद सांगा.

सोलकढी

मंडळी मला वाचायचंय आता. ऑनलाइन मागवलेली प्रत आली, पण ती संक्षिप्त आवृत्ती निघाली, विकताना कुठेच तसं लिहिलं नव्हतं. १२० पानं. मी पहिल्यांदा अबोलीताईचा तो परिच्छेद शोधला. नाहीच! चपला चुनारला जाते एवढं एक वाक्य आहे, शोभेची दारू नाही, दोनचार जणांना बांधणं नाही, रूप बिघडवणं नाही. चंद्रकांतेच्या सौंदर्याचं वर्णन मात्र आख्खं ठेवलंय. मला इतका राग आला.

अबोली

बघ म्हणजे! जे गाळायला नको तेच गाळतात. संक्षिप्त करणाऱ्याला वाटलं असणार की याने गोष्ट पुढे सरकत नाही. पण तो परिच्छेद काढला की चपला नुसती निरोप्या उरते. तू ती प्रत परत कर आणि चारही भाग असलेली पूर्ण आवृत्ती घे, कॉपीराइट केव्हाच संपलाय त्यामुळे नेटवर पण पूर्ण हिंदी पाठ फुकट वाचायला मिळतो. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत हिंदी विभागात पण एकदा विचार. हिंदी अवघड नाही, आपल्या टीव्हीच्या हिंदीत सहज समजते, पहिली दहा बयानं धीर धर, मग पुस्तक हातातून सुटत नाही.

सोलकढी

वनकन्या कोण ते मात्र कोणी सांगू नका हं! सिरियलमधलं मी विसरलेय आणि मला ते विसरलेलंच ठेवायचंय.

रानपाखरू

नाही सांगत. पण घोड्यावरून येते तिथे नीट लक्ष ठेव.

अबोली

माझं अजून एक. मी सत्तरी तालुक्याची, म्हणजे डोंगर आणि रान पाहत वाढले. या पुस्तकात माणसं रानाला घाबरत नाहीत हे मला फार जवळचं वाटलं. ओढा आला की थांबून हातपाय धुतात, खडकावर बसून बोलतात, रात्र झाली की झाडावर चढतात. आमच्याकडे व्हाळावर (ओढ्यावर) कपडे धुवायला बायका एकट्या जायच्या, संध्याकाळपर्यंत तिथेच, कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. चपला रानातून एकटी चालत चुनारला जाते तेव्हा मला तो व्हाळ आठवतो. आता माझ्या भाचीला तिथे एकटीला पाठवायला बहीण तयार नाही, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही.

जुनी पानं

हे तुम्ही फार खरं लिहिलंत.

अबोली

आज आईला फोन केला होता, चवथीचं सामान काय काय आणायचं ते विचारायला. माटोळीची (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांची) यादी झाल्यावर म्हटलं आई तुझी चंद्रकांता सापडली, आणि लखलख्याचा अर्थ मिळाला. तिला आधी कळेना मी काय बोलतेय. मग म्हणाली, अगो, तो शब्द मी मास्तरांना विचारला होता, त्यांनाही आला नव्हता, परीक्षेत येणार नाही म्हणाले आणि पुढे गेले. मग मी काकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, अंबर, कापूर, अगरू. थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, म्हणजे आपण भोवळ आली की कांदा फोडून नाकाशी धरतो, तसं. म्हटलं हो, तसंच.

तिच्या प्रश्नचिन्हापुढे पेन्सिलीने ‘कांदा’ लिहिलंय आणि खाली ‘अंबर, कापूर, अगरू’. दुसरा भाग आज रात्री सुरू करतेय.